सातव्या निवेदकाचे आभार

कागदोपत्री माझं नाव 'फिरता करंडक' आहे. करंडक म्हटलं की पेला असतो आणि त्याला दोन कान असतात. माझं तसं काही नाही. मी पितळेचं उघडं पुस्तक आहे, काळ्या दगडाच्या बैठकीवर बसवलेलं, चार किलोंहून थोडं जास्त. विभागीय संस्कृती-अभ्यास परिषदेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निबंधांना बक्षिसं देतात, त्यातलं पहिलं बक्षीस मी. ज्याला मिळतो त्याच्या घरी वर्षभर राहायचं आणि पुढच्या परिषदेला परत यायचं, हा माझा नियम. सध्या मी कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत आहे. माझ्या बैठकीला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलं आहे: 'हत्यार, एक.'

माझा जन्मही मारहाणीतूनच झाला. ओताऱ्यानं जुने नळ, दाराच्या कड्या आणि एक तडकलेली घंटा घणानं फोडली आणि सगळं एका मुशीत वितळवलं. वाळूच्या साच्यात मी ओतला गेलो, निवलो, मग साचा फोडून मला बाहेर ओढलं. चार दिवस छिन्नी आणि कानस.

"पानांवर काय कोरू?" ओताऱ्यानं विचारलं.

"काही नको. विद्यार्थी लिहितील," विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

"बरं झालं. माझं अक्षर तसंही वाईट आहे."

परिषद बाईंनीच सुरू केलेली. त्यांनी पहिल्या वर्षापासून एक पद्धत घालून दिली होती. पहिलं बक्षीस घेणाऱ्यानं मंचावर उभं राहून, ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांचे नावानिशी आभार मानायचे. माहिती देणाऱ्याला ही मंडळी निवेदक म्हणतात. बाई दरवर्षी सांगायच्या, "ज्यांच्या घरी बसून तासन्‌तास ऐकलंत त्यांना निबंधात 'एक वृद्ध महिला' करून टाकता. निदान इथे तरी त्यांना नाव असू दे." चांगली पद्धत होती. मला ती आवडायची.

नऊ वर्षांत मी नऊ घरं पाहिली. एकानं माझ्यावर अक्रोड फोडले. एकीनं मला वाऱ्यानं आपटणाऱ्या दारापाशी ठेवलं. एका वर्षी दुसरा आलेला विद्यार्थी पहिल्याच्याच खोलीत राहायचा. त्यानं मला जिन्यावरून खाली फेकलं. पायरीचा टवका उडाला आणि मग दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. एकाचा दात पडला. पुढे ते एकाच कॉलेजात शिकवायला लागले आणि रोज चहाला बरोबर जातात असं ऐकलं. माणसं काय विसरतात आणि काय विसरत नाहीत, याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

दहाव्या वर्षी चौदा नंबरचा निबंध आला. निवड करताना नावं झाकून फक्त नंबर ठेवतात. तिन्ही परीक्षक मला टेबलाच्या मधोमध ठेवून मोठ्यानं वाचायचे, म्हणून मलाही सगळं कळायचं.

निबंध एका दगडखाणीच्या वस्तीबद्दल होता. सव्वीस वर्षांपूर्वी तिथल्या हजेरी-कारकुनाला मुकादमानं आणि त्याच्या बारा माणसांनी पहारींनी ठेचून मारलं होतं. कारण एवढंच की खाणीत मेलेल्या तिघांची नावं कारकुनानं वहीतून खोडायला नकार दिला होता. वस्तीनं तेव्हा एकमुखानं सांगितलं, वरून दगड पडला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. निबंध लिहिणाऱ्या मुलीनं एवढ्या वर्षांनी सात जणांना एकच प्रश्न विचारला होता: दगड नेमका कुठे पडला? एकानं चढाच्या पायथ्याशी सांगितलं, दुसऱ्यानं वजनकाट्यापाशी, तिसरीनं पाण्याच्या टाकीजवळ. सहा जणांनी सहा जागा सांगितल्या. सातवा निवेदक म्हणाला, दगड पडलाच नाही.

वाचणाऱ्या परीक्षक थांबल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्या कुठल्या निबंधाबद्दल बोलायचं आहे का कुणाला?" त्यांनी विचारलं. कुणाला नव्हतं.

मुलगी त्याच वस्तीतली निघाली. आई आणि मामा यांच्याबरोबर राहणारी. बक्षीस समारंभाच्या आधी ती बाईंना मंचामागे गाठून म्हणाली, "बाई, या निबंधात नावं नाही घेता येणार."

"सगळ्यांची नको घेऊस. पण एक तरी घे गं. आपली पद्धत आहे."

मुलीनं जरा विचार केला. "मग मामाचं घेते. मामाचे आभार तर सगळेच मानतात."

"हो ना. त्यात काय आहे."

दोघी शिकलेल्या. दोघी चांगल्या मनाच्या. मी तिथेच होतो, दोघींच्या मध्ये.

मंचावर मुलीनं मला दोन्ही हातांनी धरलं. तिनं मामाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "सहा जणांनी सांगितलं ते मी लिहिलं. मामानं सांगितलं तेव्हा मला कळलं." टाळ्या झाल्या. चौथ्या दिवशी हे वाक्य तिच्या फोटोसकट वर्तमानपत्रात आलं. सातवा कोण, हे वस्तीतल्या कुणालाही आता विचारावं लागणार नव्हतं.

मामा खाणीत सुरुंग लावायचा. आयुष्यभर स्फोट ऐकून एक कान गेलेला, त्यामुळे घरातही मैदानात उभा असल्यासारखा बोलायचा. भाचीला मास्तरीण म्हणायचा.

"मास्तरीण, तुझ्या परिषदेनं मला काय दिलं?"

"आभार."

"ते कुठे ठेवायचे? फळीवर?"

आणि त्यानं खरंच भिंतीत दोन नवे खुंट ठोकून माझ्यासाठी फळी बसवली. बहिणीला वर्तमानपत्र दाखवायला गेला, तर तिनं ते हातातून ओढून घेऊन चुलीत घातलं.

"दादा, तुला कळतं का काय झालंय?"

"कळतं. पण मीही आता किती दिवस दगड पाडत बसू?"

ते आठव्या दिवशी दुपारी आले. मुकादम आणि त्याचे दोन मुलगे. म्हातारा बाजेवर बसला, पाणी मागितलं, प्यायला. थोरला फळीपाशी उभा राहिला, धाकटा दारात.

"मास्तरीणबाई, आम्हालाही वाचून दाखवा की," मुकादम म्हणाला. "आमचंच आहे ना त्यात."

आई स्वयंपाकघराच्या दारात तवा हातात घेऊन उभी होती.

मुकादम मामाकडे वळला. "दगड कुठे पडला म्हणतोस तू?"

"मुकादम, सुरुंग मी लावायचो. दगड पडला असता तर मीच पाडला असता. त्या दिवशी सुरुंग लावलाच नव्हता."

"मोठ्यानं बोलतोस."

"मला कमी ऐकू येतं."

"तेच म्हणतोय मी. तुला ऐकू येत नाही, दिसायचंही धड नाही. सांग पोरीला, चुकून बोललो म्हणून. ती लिहून देईल, छापून येईल, विषय संपला."

मामानं भाचीकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

थोरल्यानं मला फळीवरून उचललं. उचलताना त्याचा हात क्षणभर खाली गेला, एवढं वजन असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पहिला घाव कानशिलावर बसला, मामाच्या ऐकू येणाऱ्या बाजूला. मला आधी हाड लागलं आणि मग हाड लागेनासं झालं. मामा बाजेच्या पायापाशी गुडघ्यांवर आला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. दुसरा घाव त्या हातांवर पडला. बोटं मोडण्याचा आवाज निराळा असतो, तो मला त्या दिवशी कळला. मुलगी धावली, तर धाकट्यानं तिचा उजवा हात मागे पिरगाळला आणि मनगट मोडेपर्यंत सोडला नाही. तिसरा घाव, चौथा घाव. पाचव्याला काही गरज नव्हती. तरीही पाचवा झाला, सहावाही झाला. मारणाऱ्याचा हात एकदा लयीत आला की त्याला थांबायचं सुचत नाही.

"पुरे," मुकादम म्हणाला. आवाज चढवला नाही. पाण्याचा पेला त्यानं खाली ठेवला.

धाकट्यानं फळीला लोंबकळून ती खुंटांसकट उपटली आणि मामाच्या अंगावर टाकली. "फळी मोडकीच होती," जाताना तो आईला म्हणाला. "आणि तुला एकच पोरगी आहे."

आईनं तवा अजून खाली ठेवला नव्हता.

पोलीस आले. शेजाऱ्यांनी सांगितलं, फळी कोसळली आणि जड करंडक डोक्यावर पडला. फळी कुठे होती? एकानं सांगितलं बाजेच्या वर. एकानं सांगितलं दाराच्या वर. एकीनं तर खिडकीच्या बाजूला सांगितलं, त्या घराला त्या भिंतीत खिडकीच नाही. पोलिसांनी आईला विचारलं. आईनं जमिनीकडे पाहत सांगितलं, "फळी पडली."

मुलीनं एकटीनंच खरं सांगितलं. तिच्या जबाबावर थोरल्याला आणि धाकट्याला पकडलं, म्हाताऱ्याला जामीन मिळाला. मला पिशवीत घालून मोहोर लावली. पण ती एकटी होती आणि सगळ्यांना माहीत होतं की एकटीच्या बोलण्यावर हे टिकायचं नाही.

पुढचं बरंचसं मला पोलिसांच्या आणि कारकुनांच्या बोलण्यातून कळलं. वर्ष संपत आल्यावर परिषदेच्या कार्यालयातून तिला छापील पत्र गेलं: फिरता करंडक स्वच्छ करून पंधरा दिवसांत जमा करावा. कार्यालयातल्या माणसानं यादीप्रमाणे दरवर्षीसारखं पाठवलं होतं. पत्राच्या मागोमाग बाई स्वतः गेल्या.

"मी म्हटलं होतं, एक तरी नाव घे," त्या म्हणाल्या.

"घेतलं मी," मुलगी म्हणाली. "तुम्ही हात धरून नव्हतं घ्यायला लावलं."

"समितीत काही जण म्हणतायत की बक्षीस रद्द करावं. म्हणजे आरोपींच्या वकिलाला..."

"नका करू. मामाच्या बोलण्याला दुसरीकडे कुठे मान मिळाला होता?"

बाई रडल्या. मुलीनं डाव्या हातानं त्यांना चहा करून दिला. उजव्या मनगटाची पकड गेली आहे, पातेलं उचलता येत नाही.

आईला मात्र मुलीनं एकदाही विचारलं नाही की तू खोटं का सांगितलंस. विचारलं असतं तर कदाचित आईला सोपं गेलं असतं.

मागच्या महिन्यात खटला उभा राहिला. पहिल्या दिवशी मुलीची साक्ष झाली. आरोपींचा वकील हसतमुख माणूस. त्यानं मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. "ही मुलगी गोष्टी लिहिते. चांगल्या लिहिते, हे बघा, बक्षीस मिळालंय. फक्त इथे गोष्टी चालत नाहीत." शेजारी मागच्या बाकांवर ओळीनं बसले होते. त्यांच्यापैकी कुणी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई. तिनं पिंजऱ्यात उभं राहून आधी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग त्यांच्या बापाकडे. सरकारी वकिलानं तिला माझ्याबद्दल विचारलं. तिनं मला हातात मागून घेतलं.

"हे पडलं नाही," ती म्हणाली. "ह्यानं उचललं. सहा वेळा मारलं. मी मोजलं."

आरोपींचा वकील उठला. "तुमचा पहिला जबाब फळी पडल्याचा आहे."

"हो. तो खोटा आहे. त्याच्या आधी दिलेलाही खोटा होता."

"त्याच्या आधी? तो कुणी घेतला?"

"माझ्या मुलीनं. टाकीजवळ दगड पडला असं सांगितलं होतं मी तिला. दगड पडला नव्हता. मी टाकीवर पाणी भरत होते, कारकुनाला मारताना मला दिसत होतं."

मुकादमानं खुर्चीचा हात धरला. मागच्या बाकावरून वजनकाट्यापाशी दगड पाडणारा म्हातारा हळूहळू उभा राहिला. शिपाई त्याला खाली बस म्हणाला, तरी तो बसला नाही. "माझंही लिहून घ्या," तो म्हणाला. "मला जास्त वेळ उभं राहता येत नाही."

निकाल अजून लागलेला नाही. मी या खोलीत एका लोखंडी मांडणीवर आहे. शेजारी एक कोयता आणि एक मोटारसायकलची साखळी आहे. माझ्या पानांच्या मधल्या खाचेत मामा अजून वाळलेला आहे. परिषदेला विनंती आहे की माझी वाट पाहू नका आणि मी सुटलो तरी मला घासून पुन्हा टेबलावर मांडू नका.

आणि जे यापुढे निबंध लिहितील त्यांनाही एक सांगायचं आहे. मी पितळ, मला उपदेश शोभत नाही. आभार मानू नका असं मी म्हणणार नाही, मामाला ते आवडले होते. फक्त मंचावर जाण्याआधी एकदा त्या माणसाच्या घरी जा. दार आतून लावून बघा आणि कडी बसते का ते पाहून या.