गळकं सील

दाजींच्या तोंडी आठवडाभर एकच पालुपद होतं: सील गळतंय, तेल क्लच प्लेटवर जातंय, म्हणून चढावर इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. जीप जुनी, आणि मालकाइतकीच हट्टी. वरच्या खाणीवर सामान पोचवायला त्या कच्च्या वाटेनं दुसरी गाडी जातच नसे, आणि दाजींना त्याचा कोण अभिमान! अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. दाजींनी डॉक्टरच सोडला. "पाय ठणठणीत आहे," असं सांगत ते मेहुण्याच्या गॅरेजात शिरले, तेव्हा डावी चप्पल उंबऱ्यालाच राहिली होती.

मेहुण्याला सगळे मिस्त्री म्हणत, दाजीसुद्धा.

"तेलानंच मारली बघ प्लेट," दाजी म्हणाले. "नाहीतर माझ्या हाताखाली क्लच कधी गेला होता?"

"कधीच नाही, दाजी," मिस्त्री म्हणाला. जुन्या दिवसांपुरतं ते खरंच होतं.

दाजी बाहेर बाकावर उन्हात पेंगू लागले आणि मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाचं मागचं सील गळत होतं, यात वाद नव्हता. पण तेल कडेनं ओघळून खालच्या भोकातून थेट जमिनीवर पडत होतं. प्लेटला त्याचा वासही लागला नव्हता. प्लेट कोरडी, करपून काळीनिळी, रिव्हेटपर्यंत झिजलेली. मागच्या खेपेला त्यानंच ती बसवली होती. इतक्या लवकर अशी जळायची म्हणजे क्लचवरचा पाय पुरता उठत नाही. दुसरं काही नाही. त्या गाडीत दाजींच्या शेजारी रोज त्याची बहीण बसायची, आणि त्या वाटेला एका बाजूनं डोंगर होता, दुसऱ्या बाजूनं काहीच नव्हतं.

ताई मागच्या नळावर हात धूत होती. त्यानं प्लेट तिच्यापुढे धरली.

"हे तेलाचं काम नाही, ताई. दाजींचा पाय उठत नाही. गाडी बंद करा, नाहीतर एक दिवस दोघंही दरीत जाल."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "त्यांच्या पँटीला गुडघ्यापाशी पट्टा शिवलाय, बघितलास? पाय अडकला की मी शेजारून ओढते. ते समोर बघत राहतात. आम्ही यावर कधी एक शब्द बोललो नाही."

मिस्त्रीचं डोकं फिरलं. "अगं, वेड लागलंय का तुम्हाला?"

"हळू बोल." तिनं बाकाकडे पाहिलं. "घरी बसवलं होतं ना, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. घास भरवला तर तोंडात तसाच राहायचा. मला ते पुन्हा बघायचं नाही रे. त्यापेक्षा दरी परवडली." पदराला हात पुसून ती म्हणाली, "प्लेट नवी टाक. सील मात्र जुनंच राहू दे."

"गळतंय ते!"

"म्हणूनच. गळायचं थांबलं तर खापर कशावर फोडतील ते?"

मिस्त्रीच्या गॅरेजात नाकसुद्धा गळायची सोय नाही, अशी गिऱ्हाईकं त्याची थट्टा करत. नवं सील हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसून राहिला. जुनं ठेवलं तर आज ना उद्या तेल खरोखरच प्लेटवर चढणार, हे त्याला कळत होतं. नाही म्हणायला हवं, हेही कळत होतं. पण ताईनं आजवर त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवेना. त्यानं नवं सील डब्यात परत घातलं आणि जन्मात पहिल्यांदा गळती तशीच ठेवून गिअरबॉक्स चढवला.

शेवटी क्लच जुळवायला तो गाडीखाली शिरला. दाजी वर स्टिअरिंगवर बसले, ताई शेजारी.

"दाबा."

पेडलला जोडलेला क्लचचा काटा हलला.

"सोडा."

काटा तिथंच थांबला. मग एकदम हिसका बसला आणि काटा मागे आला. वर पट्टा कुणी ओढला ते त्याला दिसत नव्हतं, दिसायची गरजही नव्हती. त्याला रडू आलं. डोळे पुसायला गेला तर तेलाचा हात डोळ्यांत गेला.

इंजिन जरा वेळ चालू ठेवलं आणि जमिनीवर एक थेंब पडला. दाजींनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा लख्ख उजळला.

"बघ, गळतंयच अजून! मिस्त्री, तुझ्या हाताला पूर्वीची सफाई राहिली नाही रे आता. काम सोड आणि घरी बस."

"हो दाजी," मिस्त्री म्हणाला. "होत नाही आता माझ्याच्यानं."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं पट्टा मुठीत नीट धरला, आणि जीप चढाला लागली. पहिल्या वळणापर्यंत मिस्त्री दारात उभा राहून गिअरचा आवाज ऐकत होता. मग जमिनीवरचं तेल पुसायला त्यानं फडकं घेतलं, आणि तसंच परत ठेवून दिलं.