उमेदवाराच्या घरचे मोदक

कुवेतच्या मराठी आप्तमंडळाचा अध्यक्ष म्हणजे काही देशाचा राष्ट्राध्यक्ष नव्हे. त्याला गणपतीत पहिल्या आरतीचा मान मिळतो, दूतावासाच्या कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळते आणि उरलेलं वर्षभर शिव्या मिळतात. पण निवडणूक आली की एरवी शहाणीसुरती, मोठाल्या हुद्द्यांवरची माणसं अशी काही पेटतात, की बघणाऱ्याला वाटावं, तेलाची विहीर ह्या खुर्चीखालीच आहे.

यंदा विजयकुमार देवरे उभा होता. मूळचा नाशिकचा, रिफायनरीत इंजिनिअर, सलवात राहणारा. समोर सुदेश परब, कुडाळचा, मिरकाबात एसीच्या कामांची कंपनी सांभाळणारा. दोन्ही घरांचं वर्षानुवर्षांचं येणंजाणं होतं. अर्ज भरले त्या दिवशी ते आटलं.

पहिल्या आठवड्यापासूनच विजयकुमारच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. स्वतःच्या प्रचारसभेत त्याने मंडळाचे ढोल वाजवले म्हणून एक वाद. मग खैतानच्या कामगारवस्तीत जाऊन तो 'बॅचलर' लोकांच्या पंगतीला बसला म्हणून दुसरा. इथे कोकणातल्या सुतार-फिटरला गावी बायको आणि तीन पोरं असली तरी बॅचलरच म्हणतात, आणि गणपतीत त्यांना मागच्या रांगा देतात. विजयकुमारने त्यांना पुढे बसवायचं वचन दिलं आणि सलवातल्या निम्म्या बायकांनी नाकं मुरडली. मग देवरेंनी गाडी कधी बदलली, देवरेंची जुईली मराठीत विचारलं तर इंग्रजीत का उत्तर देते, इथपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौकशा सुरू झाल्या. लीना, म्हणजे विजयकुमारची बायको, हे सगळं वाचून हसायची. उभा नवरा राहिलाय, आपल्याला काय त्याचं, असं तिला वाटत होतं.

मग निखिलने फोटो टाकला.

निखिल हा विजयकुमारचा प्रचारप्रमुख. पुण्याचा, तिशीतला, हुशार, पण उत्साह उतू जाणारा. देवरेंच्या घरी बैठक झाली, लीनाने उकडीचे मोदक केले, उरलेले सवयीने तिच्या नेहमीच्या डब्यांत भरले. डब्यावर तिचं स्टिकर होतं, 'लीनाचे उकडीचे', आणि खाली तिचा फोन नंबर. निखिलने तो डबा विजयकुमारच्या हातात दिला, फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'उमेदवार गोड, वहिनींचे मोदक त्याहून गोड! ऑर्डरसाठी नंबर डब्यावर.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कुवेतला आलेल्या बाईने इथे चार पैसे कमवायचे नसतात. हा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. लीनाचे मोदकही सगळ्यांना ठाऊक होते. संकष्टीला, बारशाला, डोहाळजेवणाला, दूतावासातल्या साहेबांच्या निरोपाला तिचेच मोदक जायचे. कायदा आणि मोदक इतकी वर्षं शेजारी शेजारी सुखाने नांदले, कारण त्यांना कोणी एका फोटोत उभं केलं नव्हतं.

संध्याकाळी तोच फोटो एका अनोळखी नंबरावरून ग्रुपवर परत आला. स्टिकरभोवती लाल वर्तुळ होतं. 'अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या घरातून बेकायदा धंदा. अशा माणसाच्या हाती मंडळ द्यायचं? की शूनला कळवायचं?'

शून म्हणजे इथलं कामगारखातं. तिथे कोणी बोट दाखवलं तर बाईचा इकामा जाऊ शकतो, तिला परत पाठवू शकतात. लीनाने मेसेज वाचला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. समोर परातीत उकड मळून ठेवलेली होती, गरम, ओल्या फडक्याखाली झाकलेली. तिला आधी परत जाण्याची भीती वाटलीच नाही. तिला वाटलं, हे हातातून जाणार.

मालगुंडला आईकडे बसून ती कळ्या पाडायला शिकली होती. इथे आल्यावर कितीतरी वर्षं ती 'मिसेस देवरे' होती. मध्यंतरी विजयकुमारची नोकरी गेली. तो दिवसचे दिवस सोफ्यावर पडून छताकडे बघायचा. तेव्हा लीनाने पहिली ऑर्डर घेतली. जुईलीची शाळा सुटली नाही, घर सुटलं नाही, ते ह्या मोदकांवर. पुढे त्याला नोकरी लागली तरी तिने मोदक सोडले नाहीत, कारण तोवर लोक तिला तिच्या नावाने ओळखायला लागले होते. ह्यापेक्षा जास्त आनंद तिला कशाचाच झाला नव्हता, अगदी लग्नाचासुद्धा नाही. हे ती कोणाला सांगणार?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या फोनवरची ताजी संभाषणं पुसली जाऊ लागली. 'वहिनी, एकवीस द्या', 'लीनाताई, सारण जरा जास्त' असे मेसेज पाठवणाऱ्यांनी ते एकेक करून मागे घेतले. जिथे नावं होती तिथे 'मेसेज डिलीट केला आहे' एवढंच उरलं. एकीने फोन करून सांगितलं, "लीना, माझा नंबर काढून टाक हां. गैरसमज नको करूस." आता ह्यात समज तरी कुठला करून घ्यायचा?

दुपारी इमारतीचा हारिस तौफीक वर आला. जिने झाडायचे, गाड्या पुसायच्या, कोण आलं-गेलं बघायचं, हे त्याचं काम.

"भाभी, एक आदमी पूछ रहा था. चौथे माले पे खाना कौन बनाता है."

"तुमने क्या बोला?"

"मैं बोला, साब, खाना तो हर माले पे बनता है."

लीनाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने मोदकपात्र जुईलीच्या सूटकेसमध्ये घातलं, स्टिकरांची गुंडाळी कचऱ्यात टाकली, तांदळाची पिठी साध्या पिशवीत ओतली आणि खिडक्या उघडल्या. बाहेरची भट्टीसारखी हवा आत आली तरी तुपाचा नि वेलचीचा वास काही जाईना. चोरी केल्यासारखी ती घरभर फिरत होती. आणि तेवढ्यात बेल वाजली.

ती दाराच्या भिंगाला डोळा लावायला धजेना. बेल पुन्हा वाजली.

"लीना, उघड. मी आहे."

विशाखा होती, सुदेश परबची बायको. दोघींच्या मुली एकाच वर्गात. आत येऊन ती सोफ्याच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मेसेज आमच्या प्रचारातल्या पोरांनीच टाकला," ती म्हणाली. "सुदेशने नाही. पण त्याने थांबवलाही नाही. माझं त्याच्याशी कालपासून वाजलंय."

"मग आता?"

"विजयभावजींनी माघार घेतली तर तक्रार जाणार नाही. विषय तिथेच संपेल. तू तुझं कर, कोणी विचारणार नाही. तसं सुदेशने मला शब्द दिलाय." तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "मला लाज वाटतेय गं हे सांगायला. माझ्या धाकट्या ऋताच्या बारशाला तूच दिले होतेस."

"आणि माघार नाही घेतली तर?"

"तर ती पोरं माझं ऐकणार नाहीत, आणि त्याचंही."

रात्रीच्या जेवणाला लीनाने सगळं विजयकुमारला सांगितलं. त्याने हातातला पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागत होती, आणि हे त्यालाही कळत होतं.

"विजय, तुला खुर्ची पुढच्या वर्षीही मिळेल. माझं हे गेलं तर परत नाही मिळणार."

"मला कळत नाही का ते?" तो म्हणाला. "ती नोकरी गेली तेव्हा कोणी सांभाळलं, विसरलोय का मी? उद्या सभेत उभा राहतो आणि अर्ज मागे घेतो. झालं? जेव आता."

खाल्ल्या मिठाला जागणारा नवरा आहे आपला, असं लीनाला वाटलं. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. एवढी गर्दी गणपतीलाही होत नाही. खैतानहून बसेस भरून आल्या होत्या, सलवातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून पुढे बसल्या होत्या. लीना चौथ्या रांगेत, शेजारी जुईली. दोन खुर्च्या सोडून विशाखा. लीना आत आली तसे बोलणारे गप्प झाले, आणि ती बसली तसे पुन्हा बोलू लागले.

सुदेशचं भाषण झालं. मग विजयकुमार उठला. त्याने माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मला आज एक गोष्ट जाहीर करायची आहे." लीनाने जुईलीचा हात हातात घेतला.

"त्याआधी आमच्या प्रश्नाचं उत्तर द्या, देवरेसाहेब!" मागून कोणीतरी ओरडलं. "तुमच्या घरातून धंदा चालतो की नाही?"

हॉलमध्ये कुजबुज उसळली. चार-सहा फोन वर झाले, रेकॉर्डिंग सुरू झालं. तेवढ्यात खैतानच्या लोकांतून आवाज आला, "साहेब, तुम्ही घाबरू नका, आम्ही आहोत!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, थांबेचना. विजयकुमारने त्या गर्दीकडे पाहिलं. लीना त्याचा चेहरा बघत होती. सोफ्यावर पडून छताकडे बघणारा तो माणूस तिला आठवला, आणि त्या माणसाला हा टाळ्यांचा आवाज कसा ऐकू येत असेल तेही तिला कळलं. ती मनात म्हणाली, नको रे विजय.

"धंदा?" तो हसला. "कसला धंदा? ते स्टिकर आमच्या निखिलने गमतीने छापलं होतं. माझी बायको काही करत नाही. घरीच असते."

पहिल्या रांगेत निखिल बसला होता. तो चपापला, पण त्याने मान हलवली.

"इथे तुमच्यापैकी कोणी तिच्याकडून विकत काही घेतलंय? घेतलं असेल तर हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. कसा होणार? ज्यांनी घेतलं होतं ते आपापल्या मेसेजवर पाणी फिरवून आले होते. तक्रार करायला निघालेली सुदेशच्या प्रचारातली पोरंसुद्धा खाली बघत होती, कारण त्यांच्या आयांनी गेल्याच अंगारकीला डबे नेले होते.

"आणि माझ्यावर विश्वास नसेल तर तिलाच विचारा. ती काय बसलीय. लीना, तूच सांग सगळ्यांना!"

सगळा हॉल तिच्याकडे वळला. फोनही वळले. लीनाला वाटलं, उभं राहावं आणि एकेकाचं नाव घेऊन विचारावं, कोणाला कितीचे दिले ते. पण शेजारी जुईली बसली होती, आणि त्या फोनांतलं उद्या कुठे जाईल ते कोणाला माहीत नव्हतं. खरं बोलली तर विमानात बसावं लागेल. तिने मान हलवली. एकदा, होकारार्थी.

"बघा!" विजयकुमार म्हणाला, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. विशाखाने मात्र टाळी वाजवली नाही. तिने डोळ्याला पदर लावला होता.

गाडीत विजयकुमार उत्साहाने बोलत होता. "बघितलंस? आता कोणाची हिंमत नाही. सगळेच अडकलेत. तू सुरक्षित, मीही उभा. ह्यालाच डोकं म्हणतात."

"तू माघार घेणार होतास."

"अगं पण गरजच उरली नाही ना!"

"मी आता एकही मोदक विकू शकत नाही, विजय. अख्ख्या गावासमोर तू सांगितलंस, मी काही करत नाही म्हणून. कोण घेणार आता माझ्याकडून?"

"होईल सगळं थंड. वेळ जाऊ दे."

मागच्या सीटवरून जुईली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, यू नॉडेड."

लीनाने मागे वळून पाहिलं नाही. ती रडली, पण आवाज न करता. विजयकुमारला वाटलं, सुटकेने रडतेय.

विजयकुमार भरघोस मतांनी निवडून आला. सुदेशने हार घातला, गळाभेट झाली, दोघांचे फोटो निघाले. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणत जुने वाद मिटले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपवून लोक भारतातून परत आले आणि गणपतीची बैठक नव्या अध्यक्षांच्या घरी, सलवात ठरली. कारभारी मंडळी दिवाणखान्यात कोंडाळं करून बसली. सुदेशही आला होता, समेटाची खूण म्हणून त्याला उपाध्यक्ष केलं होतं. लीनाने चहा दिला. चार महिन्यांत घरात तांदळाची पिठी आली नव्हती, हे चहा पिणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नव्हतं.

मंडप झाला, आरतीच्या वेळा झाल्या, बॅचलर लोकांच्या खुर्च्या 'पुढच्या वर्षी बघू' ह्यावर झाल्या. शेवटी नैवेद्य आला.

"नैवेद्याची काय चिंता?" खजिनदार म्हणाले. "पाचशे एक मोदक, आणि तेही वहिनींच्या हातचे. घरचंच काम आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

"प्रश्नच नाही," सुदेश म्हणाला. "वैनीच्या हाताची चव दुसरीकडे खंय मिळतली?"

सगळे हसले. विजयकुमारने पाठीमागे रेलून, अध्यक्षांच्या आवाजात हाक मारली, "लीना! अगं, पाचशे एक जमतील ना?"

लीना स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने पदराला हात पुसले आणि एकेकाकडे पाहिलं. खजिनदारांकडे, ज्यांनी सर्वांत आधी मेसेज पुसले होते. निखिलकडे. सुदेशकडे. मग नवऱ्याकडे. सभेत हललेली मान आता ताठ होती. तिला राग आला होता आणि तो लपवावा असं तिला अजिबात वाटलं नाही.

"मी काही करत नाही," ती म्हणाली. "घरीच असते."

कोणी कप उचलला नाही, कोणी ठेवला नाही. विजयकुमार खाली, गालिच्याकडे बघत राहिला. आतल्या खोलीच्या दारात जुईली येऊन उभी होती. लीना तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी आत निघून गेल्या. चहाचे कप पाहुण्यांसमोर तसेच पडले होते. ते अध्यक्षांनीच उचलले.