झोपू देऊ नका

खड्ड्यांतून वीस वर्षं रिक्षा हाकून ज्याला साधं खरचटलं नव्हतं, तो विठ्ठलवाडीचा देवराम घरचा पंखा पुसताना स्टुलावरून पडला. डोकं आपटलं ते थेट कॉटच्या लोखंडी कडेवर. मेंदूत रक्त साकळलं, डोक्याला टाके पडले. टाके घातले म्हणजे निदान डोकं आहे हे तरी सिद्ध झालं, असं त्याची बायको भीमाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली.

जखम भरली, स्कॅन चांगला आला. पण झोप गेली ती गेलीच. जरा डोळा लागला की खाडकन जाग यायची, मग सकाळपर्यंत छताकडे टक लावून पडायचं. डॉक्टरांनी बजावलं, झोप नीट होईपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. रिक्षाची चावी भीमाबाईच्या कनवटीला गेली. रिक्षा दारात उभी, तिच्या सीटवर गल्लीतलं मांजर झोपायचं, आणि तेही ढाराढूर. देवरामला त्या मांजराचा भयंकर राग यायचा.

शेवटी डॉक्टरांनी माजिवड्याच्या समुपदेशक दीप्ती मॅडमकडे पाठवलं. गोळ्या नाहीत, नुसतं बोलायचं.

"बोलून झोप येते, हे मला माहितेय," देवराम म्हणाला. "आमच्या युनियनच्या प्रत्येक मीटिंगला येते."

मॅडम हसल्या, पण नियम कडक घातले. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप येईना तर उठून बसायचं, डोळे जड झाले की मगच परत जायचं. आणि कॉट फक्त झोपण्यासाठी. आता एका खोलीच्या घरात कॉट म्हणजेच सोफा, जेवणाचं टेबल, इस्त्रीची जागा आणि पाहुण्यांचं आसन. भीमाबाईने मात्र मॅडमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानली. पेशंटला बघायला केळी घेऊन आलेली माणसं दारातच ताटकळली. नणंदेला तिने उभ्याने चहा पाजला. नणंद तेव्हापासून बोलत नाही, एवढा एक फायदा झाला.

झोप मात्र लागायची आणि तुटायची.

"माझा मेंदूच फुटका," देवराम म्हणू लागला. "आता आपण काय, मांजराचा वॉचमन." तो हसत म्हणायचा, पण आतून पार घाबरला होता. रिक्षा गेली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला मॅडमनी भीमाबाईलाही बोलावलं. शेजारचा दगडू, तोही रिक्षावाला, दोघांना सोडायला आला. देवराम मागच्या सीटवर बसून पूर्ण रस्ताभर त्याच्या चुका काढत होता.

"रात्री जाग कशाने येते?" मॅडमनी विचारलं.

"आपोआप. कोणीतरी ढोसल्यासारखं होतं."

भीमाबाईने पदराचं टोक पिळलं. "ढोसल्यासारखं नाय," ती म्हणाली. "मीच ढोसते."

देवराम खुर्चीतून उठलाच. "तू? अगं, मी उठतो तेव्हा तू तर घोरत असतेस!"

"खोटं घोरते. तुम्ही ओरडाल म्हणून."

मॅडमनी त्याला हातानेच बसवलं. मग भीमाबाईने सांगितलं. तो पडला त्या दिवशी दगडूच रिक्षेतून हॉस्पिटलला घेऊन चालला होता आणि सारखा ओरडत होता, "वहिनी, झोपू देऊ नका! डोळा लागला की गेला!" विठ्ठलवाडीपासून कल्याणपर्यंत तिने नवऱ्याच्या थोबाडीत दिल्या. हौसेने नाही, रडत रडत.

"हे वाचले. मला वाटलं, त्याच्यानेच वाचले," ती म्हणाली. "आता यांचं घोरणं थांबलं की मला वाटतं, संपलं. मग ढोसते. हलले की बरं वाटतं."

"पण अजून?" देवरामने विचारलं.

"कोणी थांब बोललंच नाय."

देवरामच्या तोंडात शिवी तयार होती, ती त्याने गिळली. झोप नाही म्हणून तो गावभर बोंबलत फिरला होता, आणि ही बाई त्याच्याहून कमी झोपून गप्प राहिली होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला आत्ता दिसली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टरांनी तपासलंय, भीमाबाई. आता तो धोका नाही," मॅडम म्हणाल्या. "आता थांबा."

"नक्की?"

"नक्की."

भीमाबाईने मान डोलावली. मॅडम देवरामला पुढचं काही समजावू लागल्या, तोवर तिचं डोकं मागे भिंतीला टेकलं. खरंखुरं घोरणं सुरू झालं, खोट्यापेक्षा बरंच दणदणीत. मॅडमनी आवाज खाली आणला. दोघं कुजबुजत बोलत राहिले.

आणि घोरणं एकदम थांबलं.

देवराम झटकन वळला. मॅडम "नको" म्हणेपर्यंत त्याने बायकोला कोपराने ढोसलंसुद्धा.

"जिवंत हाय," भीमाबाई डोळे न उघडता म्हणाली. "झोपू द्या."