डालग्याखालची टिटवी

मी एक जुनं डालगं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची मोठी टोपली म्हणजे मी. माझ्या तळाला मूठ जाईल एवढं भोक आहे. मला पालथं घातलं की ते माथ्यावर येतं आणि आतल्या जिवाला तेवढंच आभाळ दिसतं.

शेवगावच्या बाजारात एका बुरूडबाबांनी मला विणलं. तेव्हा नव्यानेच लग्न झालेल्या भीमाबाईने मला दोनदा गुडघा देऊन पाहिलं, मी कुरकुरलो नाही, आणि मग तिने मला डोक्यावर घेतलं ते थेट तिच्या वस्तीवर आणून उतरवलं. भीमाबाई आणि तिचा नवरा बिभीषण ऊसतोडीला जात. दरसाल ट्रॉलीवर भांडी, अंथरुणं, पाण्याची टाकी चढली की सगळ्यांच्या वर मला बांधत. आत कोंबड्या असत. मुकादमाच्या ट्रॉलीवर सगळ्यात उंच बसणारा मीच, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

पण खरा मान मला मिळाला तो धनश्री जन्मली तेव्हा. ती तीन महिन्यांची असताना भीमाबाई तिला फडात घेऊन जाई. ऊस तुटला की सावली उरत नाही. मग बांधाला गोधडी टाकून, वर मला पालथं घालून, माझ्यावर ओलं लुगडं पसरून ती कोयता हातात घेई. दर दहा-बारा मोळ्यांमागे येऊन माझ्या भोकातून हात घालायची. पोर ते बोट धरून चोखायची आणि पुन्हा झोपायची. कोंबड्या कुणीही सांभाळील, मित्रांनो, पण माणसाचं लेकरू मी सांभाळलं आहे.

गेल्या दिवाळीनंतर मात्र वेगळंच घडलं. धनश्री पाचवीत गेली होती. तिला शाळेसाठी आबांपाशी, म्हणजे तिच्या आजोबांपाशी ठेवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी बिभीषण पोत्यात काहीतरी घेऊन आला. पोतं सोडलं तर आत दीड महिन्याचं कुत्रीचं पिल्लू. मेंढपाळ मच्छिंद्रच्या कारवानी, म्हणजे काटक शिकारी जातीच्या कुत्रीचं. बाप मात्र कुठला तरी गावठी. नाक लांब, पोट आत, आणि पाय इतके काटकुळे की आबा म्हणाले, ही कुत्री नसून टिटवी आहे. तेच नाव पडलं. पोत्यात घालून आणलं म्हणजे वाट दिसत नाही आणि पिल्लू माघारी जात नाही, असं बिभीषण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरली. कोंबड्या शेजारी दिल्या. अंथरुणं चढली, टाकी चढली, आणि मी दोर येण्याची वाट बघत बसलो. दोर आलाच नाही. भीमाबाईने मला अंगणात पालथं घातलं, खाली टिटवीला सारलं आणि ट्रॉलीत बसली. माझी एक कड तेव्हा निसटली होती. मी मनाशी धरलं, आपण आता मोडीत निघालो. धनश्री खांबाला पाठ लावून उभी होती. आई जवळ आली तेव्हा तिने तोंड फिरवलं.

टिटवीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. माझ्या काड्यांतून नाक बाहेर काढून ती नुसती कुईकुई करायची. आबांनी शेळीचं दूध, भिजवलेली भाकरी, सगळं करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी धनश्री शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या भोकातून हात आत घातला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. टिटवीने ते बोट हुंगलं, चोखलं आणि तशीच डोळे मिटून पडली. हात भरून आला तरी पोरीने तो काढला नाही. अंधार पडला तेव्हा आबांनी तिथेच ताट आणून दिलं.

तिथून टिटवी खाऊ लागली. आबांचं एकेक सांगणं चाले. पोट फुगेल इतकं घालू नकोस, उड्या मारायला लावू नकोस, पाय अजून कच्चे आहेत. दात फुटू लागले तेव्हा तिने आबांचा जोडा खाल्ला, पाढ्यांचं पुस्तक खाल्लं आणि शेवटी माझी कड धरली. ती सुटून जाऊ नये म्हणून आबांनी माझ्यावर दगड ठेवला. महिन्याभरात बाईसाहेबांनी आतून पाठ लावली, दगड पाडला आणि मला पाठीवर घेऊन साऱ्या अंगणात फिरल्या. शेजारच्या विजयमालाकाकू पाण्याला निघाल्या होत्या. चालतं डालगं बघून त्यांनी हंडाच सोडला. त्या दिवशी धनश्री आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

एवढं होऊनही पिल्लाचं मन लागलं म्हणावं तर तसं नव्हतं. दिवस कलायला लागला की टिटवी बांधावर जाऊन बसायची आणि लांबवर बघत हेल काढून रडायची. नेमका तेव्हाच दर रविवारी भीमाबाईचा फोन येई. आबा मोबाईल पुढे धरत, आणि धनश्री मान हलवून आत निघून जाई. पलीकडून भीमाबाई विचारी की पोरगी जेवते का, वेणी कोण घालतं. आबा उत्तरं देत. धनश्री फोन घेत नव्हती, पण दाराआड उभी राहून शब्दन् शब्द ऐकायची. मला माझ्या जागेवरून तिचे पाय दिसत.

पौषात मच्छिंद्रच्या मेंढ्या गावाच्या खालच्या अंगाला, एका रानात बसायला आल्या. टिटवीने मेंढ्यांच्या घंटा ऐकल्या आणि ती दोरी तोडायला लागली. धनश्रीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आबांना म्हणाली, "मी हिला हिच्या आईकडं देऊन येते. आईबिगर कसं वाटतं, ते मला कळतं."

 आबांनी मला उताणं करून तळाला पोतं अंथरून दिलं. धनश्रीने टिटवीला आत बसवलं आणि मला डोक्यावर घेतलं. वर फडकं मात्र टाकलं नाही. वाट दिसू दे तिला, म्हणाली. खरं सांगतो, माझाही जीव कासावीस झाला. टिटवी गेली की माझ्याखाली झाकायला कुणी उरणार नव्हतं.

मेंढ्यांपाशी पोचताच टिटवी उडी मारून पळाली ती थेट आईच्या पोटाखाली शिरली. आईने तिला हुंगलं. मग दात दाखवून गुरगुरली आणि बाजूला झाली. टिटवी पुन्हा गेली, आई पुन्हा गुरगुरली. तिसऱ्यांदा तिने पिल्लाला खांद्याने ढकललं आणि जाऊन मेंढ्यांमागे बसली.

धनश्रीचा चेहरा पांढरा पडला. "तिनं वळखलं न्हाई," ती म्हणाली.

"वळखलं की. हुंगलं न्हाई का?" मच्छिंद्र म्हणाला. "दूध तुटल्यावर ती आता जवळ घ्यायची न्हाई. पिल्लानं आपल्या पायावर पळावं म्हनून कुत्री आशीच करती."

 धनश्रीने अगदी हळू विचारलं, "मानसाची आईबी तसंच करती का?"

मच्छिंद्र दिवसभर मेंढ्यांशीच बोलणारा माणूस. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "ते तू तुज्या आईलाच इच्यार," तो म्हणाला.

टिटवीला तिथेच ठेवून धनश्री निघाली. मी रिकामा, तिच्या डोक्यावर पालथा. माझ्या काड्यांतून तिचं रडू मला ऐकू येत होतं. निम्म्या वाटेवर मागून धूळ उठली. टिटवी येत होती, पण अशी की तिचे पाय भुईला लागतायत का, तेच कळेना. जन्मल्यापासूनच्या चार महिन्यांत ती अशी कधी पळाली नव्हती. ती आम्हाला मागे टाकून पुढे गेली, वळली आणि वाटेच्या मधोमध बसून आमची वाट बघू लागली. धनश्रीने मला खाली ठेवलं आणि तिच्या गळ्यात पडली. टिटवीला मात्र पुन्हा माझ्यात बसायचं नव्हतं. ती घरापर्यंत चालत आली.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा धनश्रीने तो आबांच्या हातातून घेतला.  कानाला लावून ती म्हणाली, "आई, तू मला तोडलंस का?"

पलीकडे बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. 

"धने, फडात तुला पाळना नव्हता," भीमाबाई म्हणाली. "ते डालगं हुतं. तुला त्याच्याखाली झाकून मी हात घालून बसायची. म्हनून औंदा ते आनलं न्हाई, तुज्यापाशी ठिवलं. कोयता तुज्या हातात नगं, एवढंच माज्या मनात हुतं. तोडीन कशी गं तुला?"

मित्रांनो, मी इतके दिवस समजत होतो की मला टाकून गेले. त्या संध्याकाळी धनश्री माझ्यापाशी येऊन बसली, माझ्या भोकात हात घातला आणि रिकाम्या जागेत नुसती बोटं फिरवत राहिली. टिटवी माझ्या कडेवर हनुवटी टेकून पडली होती.

चैत्रात ट्रॉली परत आली. भीमाबाई उतरली तशी टिटवी तीरासारखी गेली आणि तिच्या पुढ्यात अंगावरचे केस उभे करून गुरगुरू लागली. तिने या बाईला एकच दिवस पाहिलं होतं, तेही पोत्यातून निघाल्यावर. भीमाबाई जागच्या जागी उभी राहिली. आपल्याच अंगणात शिरायला तिला धीर होईना. धनश्री धावत आली, एका हाताने टिटवीचा गळा धरला आणि दुसऱ्याने आईचा हात तिच्या नाकापुढे नेला.

"हुंग," ती म्हणाली. "ही माजी आई हाय."

आता माझी एक बाजू पुरती खचली आहे, आणि या खेपेला कोंबड्यांसाठी नवं डालगं येईल, हे मला कळतं. माझी एवढीच विनंती आहे. घरी पिल्लू आणाल तेव्हा ते पोत्यात घालून आणू नका, त्याला वाट दिसू द्या. ते रडलं तर दगड ठेवून निघून जाऊ नका. जवळ बसा आणि हात आत घाला. आणि माझ्यासारखं एखादं मोडकं डालगं दिसलं तर चुलीत घालण्याआधी घरात एकदा विचारा, याच्याखाली कोण झोपलं होतं.