काट्यावरचे जुने आकडे

"फलकबाई, तुमचा कॉम्प्युटर पुन्हा मेला!" हिंमतरावांनी काट्याच्या खोलीत डोकं घातलं. बाहेर कापसाच्या गाड्या मलकापूरच्या रस्त्यापर्यंत खोळंबल्या होत्या. "उद्या जळगावचा माणूस नवा प्रोग्राम टाकून देते. तुमचा राहू द्या आता."

जिनिंगचे मालक ते, बोलणारच. पण फलकला फार लागलं. वजनकाट्याचा हा प्रोग्राम तिने शिकत शिकत, चुकत चुकत, स्वतः लिहिला होता. त्यावर तिचा भारी जीव.

"सांजपर्यंत टाइम द्या शेटजी. त्याचं पोट काऊन फुगते, पाहू द्या मले."

गाडी काट्यावर चढली की आकडा डुलत डुलत थांबायचा. ते सगळे डुलते आकडे प्रोग्राम एका अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीतल्या यादीत, भरायचा. गाडी उतरली की फलक पुढच्या गाडीसाठी नवी कोरी अ‍ॅरे घ्यायची. जुनी मेमरीतून आपोआप सुटत असेल, हा तिचा समज. पण तीच जुनी अ‍ॅरे तिने आणखी एका नावाखाली धरून ठेवली होती, आणि ती कारभारीबाबांसाठी! मोताळ्याचे हे म्हातारे शेतकरी नुसत्या पावतीवर कधीच समाधानी नसत; काटा डुलत डुलत कसा थांबला, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं असे. गाठोडं दोघांनी धरलेलं, एकाने सोडलं तरी दुसऱ्याच्या हातात राहणारच. दुपारपर्यंत मेमरी गच्च भरायची.

"मंग जुनं ठेवताच काऊन?" फलकने हे सांगताच हिंमतराव वैतागले. "पाह्यते कोण?"

"कारभारीबाबा पाह्यतेत."

ती हट्टीच. गाडी उतरताच आकडे डिस्कवर लिहायचे आणि दोन्ही नावांखालची अ‍ॅरे सोडून द्यायची, असं तिने करून टाकलं. मेमरीचा चढता आलेख गुमान आडवा झाला. फलक एकटीच मोठ्याने हसली.

संध्याकाळी बाबांची गाडी काट्यावरून उतरली. बाबा थेट खोलीत आले.

"दाखव वं पोरी, काटा कसा थांबला थे."

फलकने डिस्कवरून आकडे काढले. ते डुलले, मंदावले, थांबले. बाबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "हाव. बरोबर हाय."

दारात उभ्या हिंमतरावांनी फोन काढला आणि जळगावच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. फलकला फार बरं वाटलं.

बाबांच्या मागचा शेतकरी पावती घेऊन मुकाट निघाला होता. हिंमतरावांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"थांबा भाऊ. तुमीबी पाहून घ्या."