सतराव्या किलोमीटरचं पाणी

"काका, श्वास सोडा. पळायच्या आधीच धरून ठेवलात की," असं म्हणत लंबूच्या मुलीने फिटरच्या पाठीवर कागद टाचला. कागदावर तिच्या वडिलांचा फोटो होता आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ' असं तिच्याच अक्षरात.

फिटरला त्रेपन्नावं चालू होतं. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. एकवीस किलोमीटर धावणं म्हणजे विकतचं दुखणं. पण शर्यत कारखान्यांत हातपाय गमावलेल्यांच्या मदतीसाठी होती आणि लंबू जिवंत असेपर्यंत एकही वर्ष चुकला नव्हता. मागच्या वर्षी साबणाच्या कारखान्यातल्या मिक्सरमध्ये सापडून तो गेला. वीस वर्षं त्याच्याबरोबर एका हत्यारपेटीवर काम केलेल्या फिटरशिवाय यंदा त्याच्या जागी दुसरं कोण पळणार?

"मी फिटरकी शिकायला लागले, सांगितलं का आईने?" मुलगी पिन लावत म्हणाली. "पहिल्याच तासाला सरांनी बाबांचंच उदाहरण दिलं. कुलूप न लावता आत गेलेला माणूस म्हणून. ते माझे बाबा, असं काही मी बोलले नाही. खोटं थोडंच आहे ते?"

"चल, शिट्टी झाली," फिटर म्हणाला. शिट्टी झाली नव्हती.

"आम्ही सतराव्या किलोमीटरला आहोत, पाणी द्यायला. तिथपर्यंत या म्हणजे झालं."

पहिले पाच किलोमीटर तो नुसता घाबरून पळाला. डोक्यात कारखानाच फिरत होता. तिथला नियम साधा होता. यंत्रात जो उतरेल त्याने मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. तिघं उतरले तर तीन कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत यंत्र जागचं हलत नाही. पण वीस वर्षांच्या जोडीला नियम कुठले? दोघांत एकच कुलूप चालायचं. ज्याचं हाताला लागेल त्याचं.

त्या दिवशी फिटरचं कुलूप घरी, धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात राहिलं होतं. लंबूने स्वतःचं लावलं आणि किल्ली त्याच्याकडे टाकली. "ठेव तुझ्याकडे, माझा खिसा फाटलाय." काम संपवून दोघं बाहेर आले. लंबू हात धुवायला गेला, असं फिटरला वाटलं. लंबू आत राहिलेला पाना आणायला परत उतरला होता. फिटरने हाक मारली नाही. कुलूप काढलं आणि स्विच दाबला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "हे कुलूप कुणाचं?" सगळी कुलपं एकसारखी लाल, आणि किल्ली फिटरच्या खिशात.

"माझं," तो म्हणाला होता.

म्हणजे लंबू स्वतःचं कुलूप न लावताच उतरला, असं ठरलं; एका शब्दात सगळा दोष मेलेल्याच्या डोक्यावर गेला. आठवड्याने बायकोने धुतलेल्या कपड्यांतून निघालेलं कुलूप पुढ्यात धरलं तेव्हा "जुनं आहे" म्हणून त्याने ते कचऱ्यात टाकलं. भित्रा माणूस होता तो, दुष्ट नव्हता. पण भित्र्याच्या हातूनही तेवढंच वाटोळं होतं.

दहाव्या किलोमीटरला पोटऱ्या भरून आल्या. तिथून पुढे तो पळत कमी आणि ओढला जात जास्त होता. शर्यत पुरी केली की फिटंफाट, असं त्याने महिनाभर मनाला समजावलं होतं. आता ते मनही ऐकेना.

सतराव्या किलोमीटरला टेबल दिसलं. वहिनी, लंबूची बायको, पेला घेऊन दोन पावलं पुढे आल्या. "भावजी, हळूहळू प्या. रंग बघा तुमचा, पांढराफटक पडलाय."

त्याने पेला घेतला नाही. "वहिनी, कुलूप त्याचं होतं," तो म्हणाला. आणि मग पँट, फाटका खिसा, किल्ली, पाना, चौकशी, सगळं धापा टाकत, मागचं पुढे करत बाहेर आलं.

बाजूने धावणारे पेले उचलून नेत होते. "वर्षभर मी त्यांच्यावर चिडले होते," शेवटी वहिनी म्हणाल्या. "फोटोला हारसुद्धा रागाने घालत होते. आमचा विचार कसा केला नाहीत, म्हणून."

"माझं चुकलं, वहिनी."

"ते मला सांगून काय उपयोग? पोरीला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई नवऱ्याची बाजू घेते. आणि उद्या कारखान्यात जाऊन हेच सांगायचं. मी बरोबर येणार आहे."

मुलगी टेबलाच्या पलीकडे पेले भरत होती. त्याला थांबलेला बघून ओरडली, "काका, बसू नका हं. पाय धरतील. चारच किलोमीटर राहिलेत."

फिटर टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी कुलूप लावलेलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी लावलं होतं. काढलं मी."

मुलीच्या हातातला पेला भरून वाहू लागला, तरी ती पाणी ओततच राहिली.