उलटा कासरा

सयाजीआबांनी आयुष्यात दोनच गोष्टींची जीव टांगणीला लावून वाट पाहिली. एक नातीची आणि दुसरी ‘जोडी पळाली’च्या दुसऱ्या भागाची. नात आली ती सुनेच्या माहेरी, तासगावात. आणि दुसरा भाग अवतरला तो नेमका आबा नातीला रहिमतपूरला आणायला निघाले त्या सकाळी. एसटीत मोबाईल उघडला तर खेळ आपोआप नवा झालेला. आबांना आभाळ ठेंगणं झालं. पण पहिला डाव व्याह्यांसोबतच, म्हणून त्यांनी खेळ तसाच मिटला.

‘जोडी पळाली’ म्हणजे मोबाईलवरची बैलगाडा शर्यत. फौजेतून हवालदार म्हणून परतलेल्या आबांना हे खूळ लावलं त्यांचे व्याही नानासोंनी. नानासो तासगावात बेदाण्याच्या शेडवर आणि आबा रहिमतपुरात ओट्यावर, दोघं रोज संध्याकाळी एकमेकांच्या बैलांना धूळ चारत. पण यंदा वाद खराखुरा होता. तीन महिने झाले, आता लेकरू घरी येऊ द्या, असं आबांचं म्हणणं. नानासो म्हणत, पाच पुरे होऊ द्या. सून रेश्मा म्हणाली, “मला दोन्हीकडं बरंच हाय. फकस्त भांडू नका.” लेक विश्वजीत सीमेवर, त्याला कुणी विचारलंच नाही. आबा तासगावात पोचताच दोघा शहाण्यांनी ठरवलं, एक शर्यत. आबा जिंकले तर नात शिवांजली आज रहिमतपूरला, हरले तर आणखी दोन महिने तासगावात. रेश्माने हे ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघं सतरंजीवर समोरासमोर बसले. रेश्मा पंच झाली. तिने निशाण पाडलं आणि आबांनी डाव्या बैलासाठी डावा अंगठा दाबला. उजवा बैल उधळला. गाडी जागच्या जागी गिरकी घेऊन पडद्यावरच्या प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. आबांनी घाबरून थांबायचं बटण दाबलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“ह्ये काय रं देवा,” आबा म्हणाले. “पाव्हणं, कासरा उलटा बांधलाय कंपनीनं.”

“माजी जोडी तर मांडवात शिरली,” नानासो म्हणाले. “आन थांबवाया गेलं की टाळ्या वाजत्यात.”

“माज्याबी वाजत्यात.”

दोन्ही गाड्या सुरुवातीच्या रेषेवरच गोल गोल फिरत होत्या आणि प्रेक्षक टाळ्यांनी आभाळ दणाणून सोडत होते. वर्षभर वाट पाहिलेला खेळ हा असा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आबांना खरं तर रडू यायला हवं होतं, पण नानासोंचे बैल मांडवातल्या पाहुण्यांच्या पंगतीत उभे पाहून त्यांना हसू आवरेना. नानासोंना तर ठसकाच लागला.

तेवढ्यात आबांच्या डोक्यात फौजी अक्कल चमकली. त्यांनी हातांची घडी घातली, डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे. आता डाव्या अंगठ्याने डावा बैल हलू लागला. गाडी सुतासारखी सरळ झाली.

“आवं, ही लबाडी हाय,” नानासो ओरडले आणि त्यांनीही हातांची घडी घातली. पण त्यांचं पोट मध्ये येत होतं.

पुढचं मैदान पाहून आबा थक्क झाले. ये रे माझ्या मागल्या! पहिल्या वळणावर जुन्या खेळातली तीच कोंबडी आडवी आली. पुढे तोच म्हातारा ताकाचा गडू घेऊन रस्त्यात उभा. ओढ्यापाशी तीच म्हैस. वर्षभर कंपनीने केलं काय, तर लोकांचे फेटे गुलाबी केले. आबांना मैदान तोंडपाठ होतं. त्यांनी कोंबडी चुकवली, म्हाताऱ्याला वळसा घातला, म्हशीच्या शेपटीखालून गाडी काढली आणि निशाण गाठलं. नानासो अजून कोंबडीपाशीच अडकले होते.

“जिंकलो,” आबा सतरंजीवरच नाचू लागले. “नवं काय बी केलं न्हाई म्हणून जिंकलो!”

नानासो हसले, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. शब्दाला जागणारा माणूस, त्यांनी मोबाईल खाली ठेवला, आत जाऊन नातीला घेऊन आले. तिचं टोपडं नीट बांधलं. बांधून झालेलं सोडलं आणि पुन्हा बांधलं. मग तिला आबांच्या हातात दिलं. “न्या पाव्हणं,” म्हणाले आणि खिडकीकडे पाहत राहिले.

शिवांजली आबांच्या मिशीकडे बघत बोळकं पसरून हसली. आबांचा जीव सुपाएवढा झाला. हिला आत्ता उचलून एसटीत बसावं आणि रहिमतपुरात वाजतगाजत उतरावं, असं त्यांना फार वाटलं. मग त्यांनी नानासोंच्या पाठीकडे पाहिलं.

“पाव्हणं,” आबा म्हणाले, “कासरा उलटा हुता का न्हाई?”

“व्हय.”

“मग निकालबी उलटाच धराया पायजे. जितला त्यो हरला.” आणि त्यांनी नात नानासोंच्या खांद्यावर ठेवली.

नानासो नातीला थोपटू लागले. “मग तुमीबी ऱ्हावा की चार दिस,” ते म्हणाले.

“ऱ्हातो. पर उद्या पुन्यांदा खेळायचं,” आबांनी मोबाईल उचलला. “लय भिकार खेळ हाय.”